गिरणीतलं बोलणं

सूनबाईनं तीन हाका मारल्या. पहिली चुलीपासून, दुसरी दारात येऊन, तिसरी थेट माझ्या मुलाच्या पाठीमागे उभं राहून. तो ओट्यावर बसून गिरणीच्या फाटक्या पट्ट्याला टाके घालत होता. त्यानं मान वर केली नाही की 'हं' केलं नाही. चौथी हाक तिनं मारलीच नाही. ताट आणलं आणि त्याच्यापुढे असं आदळलं की भाजीचा रस त्याच्या मांडीवर उडाला.

"अगं, काय हे!" तो दचकला.

"आता दिसले का मी?" ती पुटपुटली.

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला, मग खाली मान घालून जेवायला लागला. एवढंच. धड भांडणसुद्धा नाही.

सूनबाई माझ्याजवळ येऊन बसली. तिचा आवाज मुळातच बारीक. माहेरी सहा बहिणी आणि बाप तापट. पोरगी मोठ्यानं बोलली की हातात असेल ते फेकायचा. तेव्हापासून ही बाई कुजबुजल्यासारखीच बोलते. अंगणातल्या कोंबड्या हाकलतानासुद्धा त्यांना विनंती करतेय असं वाटतं.

"आई, मी घरात भिंतींशी बोलायचं आणि ह्यांनी तिकडे तिच्याशी खिदळायचं. काल मका दळायला गेले तर दोघांची डोकी एकमेकांना चिकटलेली. तिचा कान ह्यांच्या ओठांपाशी. मला बघून बाजूलासुद्धा सरकली नाही."

ती म्हणजे आमच्या गिरणीत वजनकाट्यावर असणारी बाई. नवरा टाकून गेलेला, अंगानं दणकट, दोन मणाचं पोतं पाठीवर घेऊन पायरी चढणारी. आवाज असा की गिरणी चालू असताना ती बोलली तर पार विहिरीपर्यंत ऐकू जायचं. तिची आईही तशीच. आईला गाव भोंगा म्हणायचं, म्हणून ही झाली धाकटा भोंगा.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या पोटात तीस-पस्तीस वर्षांचं साठलेलं. मी म्हटलं, "बाई, हे ह्यांच्या रक्तातच आहे. तुझा सासराही तसाच होता. घरात मुका आणि गिरणीत बोलका. आणि त्याच्याबरोबर बोलायला कोण होती, ठाऊक आहे ना? हिचीच आई."

सूनबाईचा चेहरा पांढरा पडला. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगते, मला बरं वाटलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्याच आगीत भाजत होतं.

आमच्या घराला गाव काचेचं घर म्हणतं. घर मातीचंच आहे, माणसं काचेची. माझा नवरा लहानपणी दोनदा पायानं आणि एकदा हातानं मोडला होता. बुबुळाभोवतालचं पांढरं असतं ना, ते त्याचं निळसर, पावसाआधीच्या आभाळासारखं. लग्नाच्या वेळी मला वाटलं, काय देखणे डोळे! मुलगा झाला, त्याचेही डोळे तसेच, आणि चालायला लागला त्याच वर्षी मांडीचं हाड मोडलं. शेतात कुदळ मारली की ह्या लोकांची मनगटं जायची. म्हणून शेत वाट्यानं दिलं आणि सासऱ्यांनी गिरणी घातली. गिरणीत गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावून खाचा पाडायच्या, पट्टा चढवायचा, पिठाचा पोत बोटानं बघायचा. त्यात डोकं लागतं, हाडं लागत नाहीत. पण पोती उचलायला कुणीतरी हवंच. म्हणून भोंगा आली. तेव्हा ती तरणीताठी होती आणि मी नवी नवरी होते.

पहिली पाच-सहा वर्षं आमची बरी गेली. मग नवरा गप्प होत गेला. मी काही सांगितलं की एकतर उत्तरच नाही, नाहीतर भलतंच उत्तर. मी म्हणायचे, "गाईला ताप आलाय," हा म्हणायचा, "संध्याकाळी आणतो." मला वाटायचं, ह्याचं लक्ष कुठे आहे? आणि गिरणीत जाऊन बघावं तर हा भोंग्याशी हसत बोलतोय! ती ह्याच्या अंगावर वाकलेली, हा तिच्या कानात काहीतरी सांगतोय, आणि ती दात दाखवत ओरडून उत्तर देतेय. एकदा बघितलं, दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा मी दारातूनच परतले आणि ठरवलं, ह्या गिरणीची पायरी पुन्हा चढणार नाही. चढलेच नाही. दळण शेजारणीबरोबर पाठवलं, जेवणाचा डबा मुलाबरोबर पाठवला. पंचवीस वर्षं. तो छातीच्या दुखण्यानं गेला तेव्हाही मी त्याच्याशी घुश्शातच होते.

हे सगळं मी सूनबाईला तिखटमीठ लावून सांगितलं. रोज थोडं थोडं. ती ऐकायची आणि तिचे ओठ घट्ट मिटत जायचे.

सुगी संपली होती. गावात सगळ्यांच्या घरी नवा गहू, त्यामुळे गिरणी पहाटेपासून चालू. उन्हं तापलेली, रस्त्यावर पिठासारखी धूळ. मी समोरच्या सुताराच्या सावलीत बसले होते. गिरणीत पाय ठेवायचा नाही, पण समोर बसून बघायला मला कुणाची मनाई? तेवढ्यात सूनबाई डोक्यावर गव्हाचं टोपलं घेऊन आली. गिरणीचं दार मोठं, आतलं सगळं दिसत होतं. सात-आठ बाया रांगेत. काट्यापाशी माझा मुलगा काहीतरी सांगतोय, आणि धाकटा भोंगा त्याच्या तोंडाशी कान नेऊन ऐकतेय. मग तिनं मान मागे टाकून असं हसू सोडलं की बाहेर सुताराचा हात थांबला.

सूनबाईनं टोपलं खाली ठेवलं नाही, टाकलं. गहू सगळीकडे. ती सरळ इंजिनापाशी गेली आणि तिनं ते बंद केलं. पट्टा फडफडत थांबला. इतकी शांतता झाली की गहू कुठल्या कोपऱ्यात घरंगळतोय तेही ऐकू यावं. त्या शांततेत धाकट्या भोंग्याचं अर्धं वाक्य तेवढं मोठ्यानं येऊन पडलं, "—आणि गाढव पुन्हा त्याच दारात!"

गाढवाची कसलीतरी गंमत चालली होती. पण ती आता कोण ऐकणार?

"माझ्याशी का बोलत नाही?" सूनबाईनं विचारलं. तिच्या मानानं मोठ्यानं. "सगळ्यांसमोर सांगा. माझं काय चुकलं? घरात एक शब्द नाही, आणि इथं हिच्या कानात?"

माझा मुलगा दगडासारखा उभा. तिच्या ओठांकडे बघतोय, मग बायांकडे, मग पुन्हा तिच्या ओठांकडे. तोंडातून अक्षर नाही. सगळ्यांना वाटलं, पाप उघडं पडलं म्हणून वाचा बसली. मलाही तेच वाटलं. माझ्या डोळ्यांसमोर त्याचा बाप उभा राहिला.

धाकटा भोंगा पुढे आली. "वहिनी, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? ते हळू बोलतात म्हणून मी कान नेते. ह्या आवाजात दुसरं कसं ऐकायचं?"

"तुझ्याशी हळू बोलायला त्यांना सुचतं, माझ्याशी मोठ्यानं बोलायलाही सुचत नाही!"

"मग तुम्हीच या काट्यावर!" तिनं डोक्याचा रुमाल सोडला, त्यातलं पीठ झटकलं आणि काट्यावर टाकला. "माझ्या आईलाही ह्या घरानं असाच बोल लावला होता. ती पोटासाठी गप्प राहिली. मी नाही राहणार."

ती गेली. जाताना माझ्यासमोरून गेली, पण माझ्याकडे तिनं बघितलं नाही.

त्या संध्याकाळी मुलानं सूनबाईला एकच विचारलं, "तू काय म्हणालीस गिरणीत?" तिला वाटलं, हा वेड पांघरून पेडगावला चाललाय. तिनं दार लावून घेतलं. मी मात्र जिंकल्यासारखी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवसापासून पंचाईत झाली. दळण दारात ढिगानं पडलेलं, आणि पोतं उचलायला माणूस नाही. मुलानं एक पोतं ओढायला घेतलं तर सूनबाईच धावली. "हाड मोडून घ्यायचंय का? सरका." भांडण असलं तरी नवऱ्याचं हाड मोडलेलं कुणाला हवं असतं? तिनं तो रुमाल डोक्याला बांधला आणि काट्यावर उभी राहिली.

पहिल्या दिवशी तिचा आवाज कुणालाच ऐकू जाईना. बाया कंटाळल्या. "अगं, किती झालं, नीट सांग की!" शेवटी तिनं चिडून बेंबीच्या देठापासून ओरडून सांगितलं. सगळ्या हसल्या. ती लाजली, पण आवाज निघाला तो निघाला. आठवड्याभरात ती गिरणीत अशी ओरडायला लागली की समोर बसलेल्या मला प्रत्येक शब्द कळायचा.

आणि मग मी बघितलं ते असं. माझा मुलगा पीठ बारीक-जाड पडावं म्हणून दोन दगडांमधलं अंतर लावत होता. ती तिकडून ओरडली, "अहो, हा गहू ओला आहे, दगडाला चिकटेल!" त्यानं लगेच मान वळवली. "बाजूला काढ, दुपारी उन्हात टाकू." ती पुन्हा म्हणाली, "आणि ह्या मावशींना रवाळ हवंय." तो म्हणाला, "त्यांना मागच्या वेळी बारीक झालं होतं ना? सांग, आज मी स्वतः बघतो." असं सरळ बोलणं. विचारलं तेवढं, त्याच वेळी, त्याच विषयाचं. मग ती जवळ गेली, तो काहीतरी पुटपुटला, तिनं कान पुढे केला आणि खुदकन हसली.

माझ्या अंगाची लाही झाली. हो, लाही. तुम्हाला वाटेल, सासूला आनंद व्हावा, मुलाचा संसार सुधारतोय. मला मात्र वाटलं, माझ्याशी जे कुणी कधी केलं नाही ते हिला चार दिवसांत कसं मिळालं? कालपर्यंत ही माझ्या बरोबरीनं जळत होती. आता मी एकटीच उरले.

घरी मी टोमणा मारलाच. "चालू झालं वाटतं बोलणं? माझ्या वेळी नव्हतं बाई असलं नशीब."

सूनबाई हात धूत होती. वळून म्हणाली, "आई, तेच मला समजत नाहीये. तिथं सगळं ऐकतात. घरी आलो की पुन्हा तसेच. काल मी इथं म्हटलं, पाणी तापलंय. ते म्हणाले, उद्या देतो. मग मी गिरणीत बोलते तशी ओरडून बोलले. तर लगेच उठून आंघोळीला गेले." तिनं हात पुसले. "आई, त्यांना माझं बोलणं नको असतं असं नाही. त्यांना ते येतच नाही."

"काहीतरीच," मी म्हटलं. "गिरणीच्या खडखडाटात ऐकू येतं आणि शांत घरात येत नाही? असा कुठला बहिरा असतो? मुद्दाम करतात. कानाडोळा म्हणतात त्याला."

पण रात्रभर माझ्या डोक्यात किडा वळवळत राहिला.

त्याच आठवड्यात नात पडली. आठ वर्षांची. पडली म्हणजे किती, तर ओट्यावरून. दुसरं पोर उठून पळालं असतं. हिचा हात मनगटाच्या वर कडकन वाजला. हिचेही डोळे निळसरच. तिसऱ्यांदा मोडत होती बिचारी. आमचा नेहमीचा हाडवैद्य गावाला गेला होता, म्हणून तिला मोठ्या गावच्या दवाखान्यात नेलं. मुलगा, सूनबाई आणि मी. मांडीवर मी घेतली होती तिला. रडत नव्हती, सवय झाली होती. आठ वर्षांच्या पोरीला हाड मोडायची सवय!

तिथली डॉक्टरीण तरुण होती. हाताला प्लास्टर घालून झाल्यावर ती नातीच्या डोळ्यांत बघत राहिली. मग माझ्या मुलाच्या डोळ्यांत.

"तुमचीही हाडं मोडलीत का?"

मुलगा म्हणाला, "हो, सकाळीच निघालो आम्ही."

डॉक्टरीण हसली नाही. ती उठली, त्याच्या पाठीमागे गेली आणि साध्या आवाजात म्हणाली, "उजवा हात वर करा." तो समोरच्या भिंतीकडे बघत बसून राहिला. ती पुन्हा म्हणाली. तो तसाच. सूनबाईनं माझा दंड घट्ट धरला.

मग डॉक्टरणीनं एक दोन दातांचा लोखंडी चिमटा काढला, टेबलाच्या कडेवर आपटला आणि त्याच्या कानासमोर धरला. "येतोय आवाज?" तिनं खुणेनं विचारलं. त्यानं मान हलवली, नाही. मग तिनं तोच चिमटा कानामागच्या हाडाला टेकवला. मुलाचा चेहरा उजळला. "येतोय! घुमतोय!"

तिनं कागदावर आजाराचं नाव लिहून दिलं. ते एवढं लांब की सूनबाईलाही एका दमात वाचता येईना. पण समजावलं तिनं सोपं करून. हा आजार फार थोड्या घरांत असतो, म्हणाली. आईकडून किंवा बापाकडून येतो. हाडं ठिसूळ, डोळे निळसर. आणि कानाच्या आत तांदळाच्या दाण्याहून लहान हाडं असतात. ती हलली की आपल्याला ऐकू येतं. ह्यांच्यात ती हाडंही धड राहत नाहीत, कधी घट्ट बसतात, कधी मोडतात. बहुतेकांचं तिशीच्या आसपास सुरू होतं. हळूहळू, म्हणून घरच्यांना कळत नाही.

"पण गिरणीत त्यांना सगळं ऐकू येतं," सूनबाई म्हणाली. डॉक्टरणीला ते ऐकायला पुढे वाकावं लागलं.

"येणारच. तिथं सगळे ओरडून बोलतात. आणि तो खडखडाट आपल्याला जेवढा त्रास देतो, तेवढा ह्यांना देत नाही. तो त्यांच्यापर्यंत कमीच पोचतो. अशा कानांना शांत घरापेक्षा गोंगाट सोयीचा. आणखी एक, ह्यांना स्वतःचा आवाज आतून मोठा ऐकू येतो. म्हणून ते हळू बोलतात. समोरच्याला कान तोंडाशी न्यावा लागत असेल ना?"

सूनबाईनं डोळे मिटून घेतले.

मी विचारलं, "हा आजार बापाकडून आला असेल तर बापालाही असंच..."

"त्यांचे डोळे निळे होते? हाडं मोडायची?"

"हो."

"मग कानही गेले असण्याची खूप शक्यता आहे. ते असतील तर आणा, तपासू."

"नाहीत," मी म्हटलं. बाहेर येऊन बाकावर बसले. समोर एक माळी नळीनं झाडांना पाणी घालत होता, आणि मला वाटत होतं की त्या माणसावर जाऊन ओरडावं. कुणावर तरी ओरडावं. गाईला ताप आलाय म्हटल्यावर 'संध्याकाळी आणतो' म्हणणारा माझा नवरा मला तेवढ्या वेळात दहा वेळा आठवला. मी एकदाच, फक्त एकदाच त्या गिरणीत जाऊन ओरडले असते, तर त्यानं ऐकलं असतं. पण मी रुसले होते. पंचवीस वर्षं समोरच्या सावलीत बसून मी बघत राहिले आणि आत गेले नाही.

परतताना गाडीत मुलगा सूनबाईला म्हणाला, "मला वाटायचं, तू रागानं पुटपुटतेस. मुद्दाम. म्हणून मी विचारायचो नाही." तीही काही बोलली. पण तिनं नेहमीच्या आवाजात बोलून टाकलं, मग लक्षात आलं, मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्यानं म्हणाली, "गाढव आहोत आपण दोघं!" गाडीतले सगळे वळून बघायला लागले.

"तुला कळत होतं ना रे, कमी ऐकू येतंय म्हणून?" मी मुलाला ओरडून विचारलं.

"थोडं कळायचं, आई. पण सांगायचं कुणाला? हाडं आधीच काचेची. आता कानही गेले म्हटल्यावर गिरणीत कोण आलं असतं?"

डॉक्टरणीनं त्या बारीक हाडाच्या ऑपरेशनची घाई नको म्हटलं. ठिसूळ हाडाला हात लावणं जोखमीचं. कानाचं यंत्र लिहून दिलं. महिन्यानं ते आलं तेव्हा सूनबाईनं ते त्याच्या कानामागे अडकवलं आणि काय बोलावं ते न सुचून म्हणाली, "जेवायला वाढू?"

तो बघतच राहिला. "तुझा आवाज अजून तसाच आहे की! लग्नात होता तसा."

मी तिथून उठले. मला ते बघवलं नाही. वाईट म्हणा हवं तर.

नातीचे कान दर वर्षी तपासायचे ठरले. ती मैत्रिणींना सांगत फिरते, माझ्या कानात तांदळाचे दाणे आहेत. सूनबाई धाकट्या भोंग्याच्या घरी तीनदा गेली. दोनदा दार उघडलं नाही. तिसऱ्यांदा ती दाराबाहेरूनच गिरणीच्या आवाजात ओरडली, "चुकले मी, माफ कर, ये परत!" आणि आजूबाजूच्या पाच घरांची दारं उघडली, तेव्हा हिचंही उघडलं. आता दोघी काट्यावर असतात. मुलगा हळू बोलतो, दोघीही कान पुढे करतात.

राहिले मी. थोरल्या भोंग्याकडे जायचं मी रोज ठरवायचे आणि रोज काहीतरी काम काढायचे. शेवटी एका दुपारी गेले. ती खाटेवर बसून शेंगा सोलत होती. गुडघे गेलेले, पण आवाज तसाच खणखणीत.

"आज इकडे कुठे वाट चुकलीस?"

मी उंबऱ्याशीच उभी राहिले. सगळं सांगितलं, डॉक्टरीण, कान, तांदळाचा दाणा. ती शेंगा सोलत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हणजे तुला आता कळलं?"

"तुला ठाऊक होतं?"

"नाव नव्हतं ठाऊक. कान जातायत एवढं कळत होतं. तेच म्हणायचे, इथं तुझं सगळं समजतं, घरी गेलो की बायकोचे ओठ हलतात आणि शब्द येत नाहीत. पुन्हा विचारलं तर चिडते. म्हणून गप्प बसतो."

मी खाली बसले, तिथंच, जमिनीवर. "मग सांगितलं का नाहीस मला?"

"सांगायला आले होते. तू दारातून परत पाठवलंस. म्हणालीस, ह्या घरात तुझी सावली नको. आठवतं?"

आठवत होतं. तेव्हा तिच्या डोक्याला असलेल्या रुमालाचा रंगसुद्धा आठवत होता.

"एवढी वर्षं तुम्ही दोघं बोलत काय होता मग?" मी विचारलं. हे विचारायलाच मी आले होते. बाकी सगळं निमित्त.

भोंगा मोठ्यानं हसली. "बोलणार काय? तुझंच! म्हणायचे, आज तिनं डब्यात काय दिलंय बघ. आज ती माझ्याकडे बघून हसली, काय कारण असेल. आज नवं लुगडं नेसली, पण मी काही म्हटलं आणि तिनं उत्तर दिलं तर मला ऐकू येणार नाही, म्हणून म्हटलंच नाही. बाई, मी कंटाळायचे. पोतं पाठीवर घेऊन उभी असायचे आणि ह्यांचं आपलं तुझंच पुराण."

तुम्हाला वाटेल, हे ऐकून माझा सगळा मत्सर गळून पडला असेल. नाही पडला. उलट आजवर कधी जळले नाही एवढी मी त्या बाईवर जळले. आधी वाटायचं, तिनं माझा नवरा घेतला. आता कळलं, तो तर माझाच होता, पण त्याचं बोलणं सगळं तिच्याकडे पडलंय. माझ्याबद्दलचं, माझ्यासाठीचं. पंचवीस वर्षांचं. माझ्याकडे त्यातला एक शब्द नाही.

शेंगांची टोपली मी माझ्याकडे ओढली आणि सोलायला लागले.

"सांग," मी म्हटलं. "अगदी पहिल्यापासून. काही गाळू नकोस."

"सगळं? अगं, संध्याकाळ होईल."

"होऊ दे. उद्या पुन्हा येईन."

तिनं घसा खाकरला आणि सुरू केलं. दार उघडं होतं, आणि तिला हळू बोलता येतच नाही. माझ्या नवऱ्याच्या मनातलं सगळं गल्लीत ऐकू जात होतं. समोरच्या बाया पाणी भरायचं सोडून उभ्या राहिल्या. मी त्यांना हाकललं नाही.